फोन कुणीतरी उचलला पाहिजे : एलजीबीटी संस्था चालवू इच्छिणाऱ्यांसाठी

फोनवर आधी नळाचा आवाज येतो. बादलीत पाणी पडत असतं आणि त्याच्या आडून कुणीतरी दबक्या आवाजात बोलत असतं. घर भरलेलं, बोलायला एकच जागा, बाथरूम. वीस वर्षं हेल्पलाइनवर काढल्यामुळे मला हा आवाज पहिल्या सेकंदाला ओळखू येतो. अशा वेळी आपण कमी बोलायचं. "हो किंवा नाही एवढंच सांग," म्हणायचं आणि प्रश्नही तसेच विचारायचे. कुणी मारलंय का? दाराला आतून कडी आहे का? आज रात्री घरात राहू शकतोस का? बादली भरेपर्यंत आपल्याला वेळ असतो.

महाराष्ट्रात समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) लोकांसाठी संस्था काढायची आहे, असं सांगत महिन्याकाठी एखाददुसरा तरुण मला भेटायला येतो. डोळ्यांत चमक असते, बोलण्यात मोर्चा, परिसंवाद, नाटक, सगळं असतं. मी त्यांना एकच विचारतो : तुम्हाला ताप आला, तुम्ही गावाला गेलात किंवा उद्या काम सोडलंत, तर हा फोन कोण उचलणार? माझ्या लेखी संस्थेचं नेतृत्व म्हणजे या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणं. नोंदणी, हिशेब, ठराव, पगार हे सगळं त्यासाठी असतं.

मी स्वतः समलिंगी आहे. पतसंस्थेत अकरा वर्षं लेखनिक होतो. 2004 पासून रविवारी अशाच एका संस्थेत जायला लागलो, 2011 मध्ये नोकरी सोडून तिथला पूर्णवेळ संचालक झालो आणि गेल्या वर्षी पायउतार झालो. त्या काळात जे हाताला लागलं ते इथे लिहितो आहे.

आधी दुसऱ्याच्या संस्थेत दोन वर्षं काढा

हे काम आपल्याकडे कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलंय. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. गौरी सावंत यांच्या सखी चारचौघीने मुंबईत ट्रान्स स्त्रियांसाठी काम उभं केलं. अशा एखाद्या ठिकाणी दोन वर्षं स्वयंसेवक किंवा क्षेत्र कार्यकर्ता म्हणून राबा. बागेत, स्टेशनबाहेर, सार्वजनिक मुतारीपाशी संध्याकाळी उभं राहून अनोळखी माणसाशी बोलायला शिका. रक्ततपासणीला घाबरलेल्या माणसासोबत सरकारी रुग्णालयाच्या बाकावर दोन तास बसा. फोनवर दुसरा कार्यकर्ता कसा गप्प राहतो ते ऐका. गप्प राहणं हे या कामातलं सर्वात अवघड कौशल्य आहे आणि ते कुठल्याही कार्यशाळेत येत नाही.

या दोन वर्षांत एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था एड्स नियंत्रणाच्या 'टीआय' प्रकल्पांवर (जास्त जोखमीच्या गटांपर्यंत पोचणाऱ्या सरकारी प्रकल्पांवर) उभ्या राहिल्या. त्या पैशाने हजारो जीव वाचले, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण त्या प्रकल्पात मोजमाप असतं ते तपासण्यांचं, निरोधांचं, भेटींचं. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी त्यात जागा आहे. दोन मुली एकमेकींवर प्रेम करतात, त्यांच्यासाठी त्यात रकाना नाही. ट्रान्स पुरुषांचंही तेच. त्यामुळे संस्थेत पुरुषांची गर्दी आणि मुली दारापर्यंतही येत नाहीत, हे चित्र मी वर्षानुवर्षं पाहिलं. तुमची संस्था काढताना आधी हा रकाना आखा, पैसा मागाहून शोधा.

नोंदणी, आणि सह्या कुणाच्या

महाराष्ट्रात साधारण दोन वाटा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवायचा, किंवा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था काढून तीही तिथेच न्यास म्हणून नोंदवायची. तिसरी वाट कंपनी कायद्यातल्या कलम 8 ची, म्हणजे ना-नफा कंपनीची. छोट्या गावातून सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्या दोन्हींपैकी एक सुचवतो, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कामात मुरलेले वकील आणि सीए सापडतात.

घटनेतले उद्देश लिहिताना लाजू नका. 'वंचित घटकांचा विकास' असं मोघम लिहिलं की नंतर प्रत्येक देणगीदार विचारतो, हे काम तुमच्या उद्देशात कुठे बसतं? समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर, तृतीयपंथी हे शब्द तिथे स्पष्ट हवेत. उलट बाहेरच्या पाटीवर ते नसले तरी चालतील. जिना चढून येणारा माणूस खालच्या किराणा दुकानदाराला दिसतो. आमच्या पाटीवर कायम 'समुपदेशन केंद्र' एवढंच होतं.

विश्वस्त निवडताना सगळेच घाईत मित्रमंडळींची नावं घालतात, आम्हीही घातली. आमच्या दोन विश्वस्तांचं एकमेकांशी जमलं होतं आणि बँकेत सह्यांचे अधिकारही त्याच दोघांकडे. त्यांचं मोडलं. एकाने सही केलेला धनादेश दुसरा हातात घेईना. आठ महिने सभेला गणसंख्या भरली नाही, तीन कार्यकर्त्यांचे पगार दोन महिने थकले आणि त्यातल्या एकाने भाडं न भरल्यामुळे खोली सोडली. दोघेही वाईट माणसं नव्हती. चूक आमच्या व्यवस्थेची होती. तेव्हापासून आमच्याकडे लेखी नियम आहे : एका घरातले किंवा एका नात्यातले दोघे सह्यांवर नकोत, तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या चालाव्यात. विश्वस्तांमध्ये एक हिशेब कळणारा, एक वकील, एक पालक आणि निम्म्याहून अधिक आपल्या समाजातले असावेत. विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्या. तो राहून गेला की पुढचे सगळे बदल अडकतात.

नावं सांभाळा

आमच्या कपाटात दोन वह्या असतात. निळ्या वहीत फोनची नोंद : तारीख, वेळ, सांकेतिक क्रमांक, अडचण, काय केलं. नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही. दुसऱ्या, लहान वहीत क्रमांकापुढे नाव, आणि ती वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे कधीच नसतात. आता नोंदी संगणकावर आल्या तरी तत्त्व तेच ठेवा. एचआयव्हीबद्दलची माहिती संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्यानेच मनाई आहे, पण आपली मर्यादा कायद्यापेक्षा कडक असायला हवी. कुणी समलिंगी आहे हे त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या सख्ख्या भावालाही कळता कामा नये.

आपण परत फोन कधी करायचा हे त्याच संभाषणात ठरवून घ्या. दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं तेही ठरवा. मिस्ड कॉल दिसला म्हणून लगेच फोन लावू नका, तो मोबाइल आईच्या हातात असू शकतो. हेल्पलाइनच्या व्हॉट्सॲपला इंद्रधनुष्याचं चित्र लावू नका. पत्रं साध्या पाकिटातून पाठवा.

फोटोंबाबत आम्ही फार महाग धडा शिकलो. एका कार्यक्रमाचा फोटो एका वर्तमानपत्रात छापून आला. मंचावरच्यांची संमती घेतलेली होती. तिसऱ्या रांगेत खुर्च्या लावणारा आमचा एक स्वयंसेवक होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी पेपर घडी घालून त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि जेवून झाल्यावर निघून जा म्हणाले. तो रात्री साडेदहाला पिशवी घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर बसला होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात दारातच लाल फितीचा डबा असतो. फीत मनगटाला बांधली की फोटो नाही. छायाचित्रकाराला आत सोडण्याआधी हे समजावून सांगणं नेत्याने स्वतः करायचं, कुणावर सोपवायचं नाही.

पैसा

पतसंस्थेत शिकलेली सवय मला इथे तारून गेली : व्हाउचर आधी, पैसे नंतर. रिक्षाचे चाळीस रुपये असले तरी. आपल्या संस्थांकडे लोक आधीच संशयाने बघतात. हिशेबात बोट ठेवायला जागा मिळाली, तर त्या बोटाखाली सगळं काम येतं.

आयकराच्या 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदण्या लवकर करा आणि त्यांची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर 80जीची सवलत मिळत नाही, म्हणून रोख घेऊन आलेल्या भल्या माणसाला नम्रपणे ऑनलाइन भरायला सांगा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. परदेशी निधीसाठी एफसीआरए नोंदणी लागते, तीही साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झाल्यावर आणि त्या काळात कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले दाखवल्यावर.

सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए कायदा बदलला. परदेशी पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा असं ठरलं. आमच्यासारख्या गावाकडच्या संस्थांना मोठ्या संस्थांमार्फतच पैसा येत होता. टाळेबंदी, घरात कोंडलेली मुलं, दिवसभर नळाचे आवाज, आणि नेमका त्याच वेळी तीन पगारांचा आधार गेला. तेव्हा आम्हाला तारलं ते दरमहा 200-300 रुपये देणाऱ्या नव्वदएक साध्या माणसांनी. त्यात निवृत्त शिक्षिका होत्या, एक सलूनवाला होता, काही आमच्याच मुलांच्या मावश्या होत्या. म्हणून सांगतो, पहिल्या वर्षापासून लहान देणगीदार जोडा आणि सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवण्याचा ठराव करा.

स्वतःचा पगारही ठरावाने ठरवा आणि घ्या. मी पहिली दोन वर्षं घेतला नाही. परिणाम असा झाला की ज्याच्या घरी दोन वेळची सोय आहे तोच हे पद घेऊ शकतो, असा पायंडा पडत होता. पदरचं खाऊन काम करणाऱ्या नेत्याच्या मागे गरीब घरातली ट्रान्स मुलगी कधी त्या खुर्चीत बसणार?

पोलीस ठाणं, दवाखाना, बँक

सगळ्यात नाजूक प्रसंग घर सोडून आलेल्या मुलींचा. घरचे हरवल्याची तक्रार देतात, कधी जोडीदार मुलीवर अपहरणाचा आरोप करतात. पहिला कागद बघायचा तो वयाचा. दोघी 18 पूर्ण असतील तर त्यांच्या हस्ताक्षरात अर्ज लिहून घ्या की आम्ही सज्ञान आहोत, स्वेच्छेने निघालो आहोत, अमुक लोकांकडून धोका आहे. तो दोन्ही गावच्या पोलीस ठाण्यांना पाठवा, पोच ठेवा, जबाबाला वकील घेऊन जा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 2024 च्या निकालात न्यायालयांना बजावलंय की अशा प्रकरणात समुपदेशनाच्या नावाखाली त्या व्यक्तीची ओळख किंवा आवड बदलण्याचा प्रयत्न होऊ नये, आणि तिच्याशी एकांतात, मोकळेपणाने बोललं जावं. त्या निकालाची प्रत आमच्या वकिलाच्या पिशवीत कायम असते. आणि त्यांना स्वतःच्या घरी ठेवू नका, कितीही कळवळा आला तरी. दुसऱ्या दिवशी सगळं प्रकरण तुमच्याच दारात येतं आणि ऑफिस बंद पडतं.

वय 18 च्या आत असेल तर वाट पूर्ण वेगळी. ऐकून घ्या, धीर द्या, पण लपवून ठेवू नका. 1098 ची चाइल्ड हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती हीच वाट. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हे मुलाने सगळं सांगून टाकल्यावर सांगितलं तर त्याला दगा वाटतो. म्हणून बोलणं सुरू होतानाच सांगा की तुझ्या जिवाला धोका असेल तर मला आणखी एका माणसाची मदत घ्यावी लागेल.

दवाखान्याचं एक सांगतो. एक बाई आल्या होत्या, तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी धरून. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, पदराच्या गाठीत पैसे. मुलाला 'बरं करण्यासाठी' एका डॉक्टरने बारा बैठका सांगितल्या होत्या, पाच झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, किती दिवसांत उतार पडतो याला?" माझ्याकडे उत्तर तयार होतं : 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. पण ते मी तेव्हा बोललो नाही. चहा मागवला आणि विचारलं, मुलगा जेवतो का नीट? त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून त्याला दुधात भाकरी कुस्करून लागते. आता ताटाकडं बघतबी नाही." मी म्हटलं, "ताई, तो आजारी नव्हता. या बैठकांनी त्याची भूक गेलीय." त्या बराच वेळ पदराची गाठ सोडत आणि बांधत बसल्या. मग मी त्यांना आमच्या पालकगटातल्या एका आईचा नंबर दिला. आयोगाचं पत्र, तक्रारीची पद्धत हे पुढच्या भेटीत सांगितलं. आईला आईच समजावू शकते, म्हणून पालकगट पहिल्या वर्षातच उभा करा, मग त्यात दोनच आया का असेनात.

जोडप्यांची कागदपत्रं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे कागद आपणच मजबूत करायचे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं की एलजीबीटी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. शाखेतल्या कर्मचाऱ्याला हे माहीत नसतं. छापील प्रत घेऊन जा, आवाज न चढवता पुढे करा. सोबत दोघांनी मृत्युपत्र करावं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे पतसंस्थेच्या खिडकीवर मी किती जणांना रडताना पाहून शिकलोय.

माणसं टिकवा

11 डिसेंबर 2013, बुधवार. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा उभं केलं, 2009 च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालावर पाणी पडलं. त्या रात्री आमचे दोन फोन सकाळपर्यंत थांबले नाहीत. "आता पकडून नेतील का?" हाच प्रश्न. आम्ही फळ्यावर तीन वाक्यं लिहिली आणि सगळ्यांनी तीच सांगितली : तुम्ही कोण आहात हा गुन्हा नाही. कुणी धमकावून पैसे मागितले तर देऊ नका. आम्हाला कळवा, आम्ही सोबत येतो. संकटात प्रत्येक कार्यकर्त्याने आपापलं काही सांगण्यापेक्षा हे बरं. फळा जवळ ठेवा.

6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. आम्ही पेढे वाटले, रस्त्यावर नाचलो. मी त्या दिवशी ढसाढसा रडलो. रात्री आठ वाजता हेल्पलाइन वाजली आणि पलीकडे नळ चालू होता. त्या घरातलं काहीच बदललं नव्हतं.

अशा रात्रींनंतर फोनवरचा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर नको. आमच्याकडे नियम आहे : आत्महत्येचा विचार सांगणारा फोन ज्याने घेतला, त्याने ठेवल्यावर लगेच दुसऱ्या सहकाऱ्याशी अर्धा तास बोलायचं, आणि पुढचा दिवस भरपगारी सुट्टी. फोन करणाऱ्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही द्यायचा, कारण आपण चोवीस तास नसतो. एकदा मी हा नियम स्वतःला लावला नाही. सलग चार रात्री मीच फोन घेतले, आणि पाचव्या रात्री एका मुलीवर खेकसलो. तिने पुन्हा कधी फोन केला नाही. ते मला अजून सलतं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असले की समिती मागतो, आणि त्याचं संरक्षण स्त्रियांपुरतं आहे. आपल्याकडे त्रास झालेला कार्यकर्ता गे पुरुष असेल, ट्रान्स पुरुष असेल. म्हणून सर्वांना लागू होणारं धोरण स्वतः लिहा, माणसं तीन असली तरी. हिजडा समाजातल्या कार्यकर्तीला कामावर घेताना तिच्या गुरूंना आधी जाऊन भेटा, मान द्या. रजा, पगार, वेळ यांचं बोलणं मात्र तिच्याशीच करा.

सोडताना

मी सोडायच्या तीन वर्षं आधी तारीख जाहीर केली. दुसऱ्या वर्षापासून देणगीदारांच्या बैठकीला नव्या संचालिकेला पुढे बसवायचो आणि मी मागे. ती ट्रान्स स्त्री आहे, आमच्याकडे पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच समाजातल्यांना माहिती देणारी कार्यकर्ती म्हणून आली होती. लोक प्रश्न तिला विचारून उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे. मी वहीत बघत राहायचो. साताठ महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

हस्तांतराची यादी लवकर करा : बँकेच्या सह्या, आयकर पोर्टलचा आणि दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड, डिजिटल सही, भाडेकरार, दोन्ही किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते, वकिलाचा आणि रात्री दार उघडणाऱ्या डॉक्टरचा नंबर. आमची यादी सव्वा पानाची झाली आणि तरी एक गोष्ट राहिलीच. हेल्पलाइनचं सिम माझ्या नावावर होतं, 2004 पासून. ते संस्थेच्या नावावर करायला दुकानात चार चकरा झाल्या, आणि मधले दोन दिवस नंबर बंद राहिला. त्या दोन दिवसांत कुणी फोन केला असेल, ते आम्हाला कधीच कळणार नाही. सिम पहिल्या दिवशीच संस्थेच्या नावावर घ्या.